भाजी बाजारात मिळते, असं मीही म्हणाले होते

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात नर्स आहे. आपल्याकडे झोपायची वेळ, तिकडे अजून ऊन होतं. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात खुरपं. म्हणाली, "मावशी, ही बघ मेथी." मेथी खरंच चांगली आली होती. बाजूला लसणाची पात, बटाटे आणि कोणा बांगलादेशी काकांनी दिलेल्या दुधीचा वेल. नाईट ड्युटी संपली की ती घरी जाऊन झोपते आणि उठली की आधी या वाफ्यावर येते.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. या जागेवर घरं बांधायचा विचार नगरपालिकेत चालू आहे. वाफेवाले सह्या गोळा करतायत. मी पटकन म्हणून गेले, "अगं, लोकांना घरं नकोत का? भाजी काय, बाजारात मिळते."

ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मावशी, तू पण?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं नव्हतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत पुनर्वसनाची योजना आली. विहाराच्या मागे, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये एक लांबट पट्टी होती. अकरा बायका तिथे भाजी लावायच्या. शेपू, लाल माठ, अळू, गवती चहा आणि कडेला दोन शेवगे. कोणी वाटून दिलं नव्हतं, पण कोणाचा वाफा कुठे संपतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. भांडणं व्हायची, पण पाण्यावरून. जागेवरून कधी नाही. सभेत एक ताई उठून म्हणाल्या, "आमच्या वाफ्यांचं काय?" लोक हसले. बिल्डरचा माणूस म्हणाला, "ताई, वर गॅलरीत कुंडी ठेवा." मी स्टेजवर होते. तेव्हा नुकतीच नोकरी सोडली होती, पण सगळे मला सिस्टरच म्हणायचे, अजूनही म्हणतात. मी माइक घेतला आणि म्हणाले, "आधी घर. भाजी बाजारात मिळते." सिस्टर म्हणतात म्हटल्यावर विषय संपला.

घरं मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. घरात संडास आला ही आमच्या बायकांच्या आरोग्यातली केवढी मोठी गोष्ट आहे, ते मी वॉर्डात काम केलंय म्हणून सांगते. सार्वजनिक संडासला रात्री जावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या, लघवी दाबून धरणाऱ्या आणि मग जळजळ, ताप घेऊन येणाऱ्या किती जणींना मी औषधं दिली आहेत. पावसाळ्यात घरात पाणी शिरायचं, तेही थांबलं. त्यामुळे इमारती नकोत असं मी आजही म्हणणार नाही.

वाफ्यांच्या जागी आता दुचाकींचं पार्किंग आहे आणि विजेची डीपी. शेवगे तोडले. सभेत उठलेल्या त्या ताई सातव्या मजल्यावर राहतात. त्यांना शुगर आहे, बीपी आहे, गुडघे गेलेत. लिफ्ट बंद पडली की चार-चार दिवस खाली उतरत नाहीत. वाफा गेला म्हणून शुगर झाली, असं मी म्हणत नाही. एका बाईवरून असा निष्कर्ष काढायचा नसतो. पण त्या पूर्वी रोज सकाळी दोन तास वाकायच्या, बसायच्या, उठायच्या, पाणी वाहायच्या आणि दहा जणींशी बोलायच्या. हे मी नर्स असून कधी कोणाच्या केसपेपरवर लिहिलं नाही. आणि जे कुठे लिहिलेलंच नाही, ते योजनेच्या नकाशात कुठून येणार?

भाचीच्या त्या वाफ्याला तिकडे अ‍ॅलॉटमेंट म्हणतात. गावातल्या रहिवाशांना भाजी लावायला नगरपालिका नाममात्र भाड्यानं जमिनीचा तुकडा देते. जुन्या मापाप्रमाणे पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे आपले बरोबर अडीच गुंठे. आता बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्धाच देतात. अडीच गुंठ्यांत आपल्याकडची 300 चौरस फुटांची नऊ घरं नुसत्या तळमजल्यावर बसतील. तेव्हा बिल्डरला तिथे काय दिसतं हे सांगायला नको.

ही जमीन तिकडच्या गरिबांना दानात मिळाली असं वाटेल. तसं नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या संसदेनं हजारो कायदे करून गावोगावच्या सामायिक जमिनींना कुंपणं घातली आणि त्या जमीनदारांच्या नावावर केल्या. आपल्या गायरानासारख्याच त्या जमिनी. गरीब माणूस तिथे गाय चारायचा, सरपण गोळा करायचा. कुंपण पडल्यावर तो नुसता मजूर उरला. उपासमार आणि दंगे होऊ लागले, तेव्हा त्याच्यासाठी थोडी जमीन राखून ठेवा, ही मागणी पुढे आली. 1845 च्या कायद्यात अशी तरतूद झाली, पण ती बहुतेक कागदावरच राहिली. 1908 च्या कायद्यानं मात्र नगरपालिकांवर जबाबदारी टाकली. गावातल्या कोणत्याही सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली की नगरपालिकेला ती विचारात घ्यावीच लागते, असं त्यात आहे. सहा माणसं! आपल्या एका चाळीत पाण्याच्या नळावर यापेक्षा जास्त असतात.

ज्यांच्या आजोबांनी गायरानासाठी तुरुंग पाहिला, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि पुन्हा 1964 साली 6 डिसेंबरपासून झाला, तेव्हा मागणी हीच होती की पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. गावाकडे आपण जमिनीसाठी लढलो. शहरात आल्यावर जमीन हा शब्दच आपल्या तोंडून गेला. आपण फक्त चौरस फूट बोलतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असे सुमारे 14 लाख वाफे होते. अन्न बाहेरून येणं अवघड झालं होतं आणि सरकारच लोकांना खणा म्हणत होतं. आज तीन लाखांच्या आसपास उरलेत, आणि अनेक गावांत वाफा मिळण्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. म्हणजे आज ते कोणाला नकोत असं नाही. जमिनीचा भाव वाढला की पहिली नजर तिथेच जाते.

त्यातल्या एका लढ्याबद्दल भाचीनं मला वाचायला पाठवलं आणि मी नर्स म्हणून त्यात अडकले. लंडनच्या वायव्येला वॉटफर्ड नावाचं शहर आहे. तिथल्या जनरल हॉस्पिटलला लागून फार्म टेरेस नावाचे वाफे होते, शंभराहून अधिक वर्षांचे. नगरपालिकेनं तिथे आरोग्यसंकुलाचा मोठा आराखडा आणला. त्यात रुग्णालयाला जागा, घरं आणि धंद्याच्या इमारती होत्या, आणि वाफ्यांची जमीन त्यात घेतली तर आराखडा पैशाच्या दृष्टीनं परवडेल, असं म्हणणं होतं. आता बोला! वाफेवाल्यांनी विरोध केला की ते रुग्णालयाचे शत्रू ठरणार. मी तिथे असते तर कोणत्या बाजूला उभी राहिले असते, याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. खाटा कमी पडतात म्हणजे काय, हे मी पाहिलंय. एका खाटेवर दोन बाळंतिणी पाहिल्यात.

पण तिथे एक कायदा आडवा आला. नगरपालिकेनं अ‍ॅलॉटमेंटसाठी म्हणूनच घेतलेली जमीन केंद्रीय मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही, असं 1925 च्या कायद्याचं कलम 8 सांगतं. हटवलेल्यांना पुरेशी दुसरी जागा देणं, हीसुद्धा त्यातली साधारण अट आहे. मंत्र्यानं 2013 मध्ये संमती दिली. वाफेवाले न्यायालयात गेले आणि ती संमती टिकली नाही. मंत्र्यानं दुसऱ्यांदा दिली, ती 2014 मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केली. तिसऱ्यांदा दिली, आणि नोव्हेंबर 2016 मध्ये ती मात्र टिकली. दोनदा जिंकून लोक तिसऱ्यांदा हरले.

हरलेल्यांची गोष्ट कशाला सांगते? मला त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, लढायला पाय ठेवायची जागा त्यांना कागदानं दिली. जमीन अ‍ॅलॉटमेंट म्हणून नोंदलेली होती, म्हणून मंत्र्याला कारण द्यावं लागलं आणि ते कारण न्यायालयात तपासलं गेलं. तिकडेसुद्धा सगळ्या वाफ्यांना हे संरक्षण नाही. नगरपालिकेनं दुसऱ्या कामासाठी घेतलेली जमीन तात्पुरती म्हणून भाजीला दिली असेल, तर या कलमाचा आधार मिळत नाही. आमच्या अकरा बायकांचे वाफे तर कोणत्याच कागदावर नव्हते. त्या जागेला सर्व्हेच्या कागदात 'मोकळी जागा' म्हटलं होतं. शेपू उभा असताना मोकळी!

दुसरी गोष्ट अशी की वॉटफर्डच्या लोकांनी घर आणि रुग्णालय नको असं म्हणायचं नाकारलं. घरं बांधा, दवाखाना बांधा, पण त्याची किंमत या वाफ्यांतूनच का वसूल करता, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याला हे जमत नाही. आपल्यासमोर घर ठेवलं की आपण बाकी सगळं विसरतो. त्याला कारणही आहे. ज्यांच्या घरावर दर दोन वर्षांनी बुलडोझर येतो, त्यांनी घर आधी म्हणणं चूक नाही. पण घर की माती, असा प्रश्न कोण घालतो ते बघा. मोठ्या टॉवरवाल्यांना कोणी विचारत नाही की फ्लॅट हवा की बाग. त्यांच्या जाहिरातीत दोन्ही असतं.

आता आरोग्याचं. या पानावर मी उगाच मोठे दावे करणार नाही. नेदरलँड्समध्ये 2011 साली छापून आलेल्या एका अभ्यासात वाफा कसणाऱ्या 30 जणांना आधी डोक्याला ताण देणारं काम दिलं. मग निम्म्यांना अर्धा तास वाफ्यात काम करायला आणि निम्म्यांना आत बसून वाचायला सांगितलं. ताण आला की शरीरात वाढणारं कॉर्टिसोल दोन्ही गटांत उतरलं, पण मातीत काम करणाऱ्यांत जास्त उतरलं, आणि त्यांची मनःस्थिती पूर्ववत झाली. माणसं थोडी होती, आणि ती बागकाम आवडणारीच होती, हे लक्षात ठेवायचं. अमेरिकेत डेन्व्हर भागात 291 जणांवर याहून मोठी चाचणी झाली, ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले आणि एका गटाला सामुदायिक बागेत वाफा दिला. त्या गटाच्या रोजच्या खाण्यात तंतुमय पदार्थ साधारण 1.4 ग्रॅमनं वाढले, हालचाल थोडी वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. 1.4 ग्रॅम म्हणजे फार नाही. पण समुपदेशनाच्या खोलीत बसून "पालेभाज्या खा" असं मी वीस वर्षं सांगितलं, त्यानं किती वाढले, ते मला माहीत आहे.

महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळलं. वाफ्यातल्या माठानं ते भरून निघेल असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. पण दारात शेवगा असेल तर महिनाअखेरीलाही ताटात हिरवं काही येतं. शेवटच्या आठवड्यात भाजीवाल्याकडे न थांबता पुढे जाणारी बाई मी रोज पाहते. बाजारात भाजी मिळते, हे माझं वाक्य महिन्याच्या पहिल्या आठवड्यापुरतं खरं होतं.

आणि जिथे वाफे आहेत तिथल्या बायकांना एक तंबी. नाल्याचं पाणी पालेभाजीला घालू नका. त्यातून जंतांची अंडी येतात, आणि कारखान्यांचं पाणी मिसळत असेल तर शिसं, कॅडमियमही येतं. ते धुऊन जात नाही. जिथे पूर्वी भंगार, बॅटरी किंवा गॅरेजचं काम चालायचं, त्या मातीत काही लावू नका. बाहेरून चांगली माती आणून गोणीत किंवा ड्रममध्ये लावा. अशा मातीत लहान मुलांना खेळू देऊ नका, हात तोंडात जातो. पाण्याचे ड्रम झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा, नाहीतर भाजीबरोबर डेंग्यूही पिकेल. खुरपं लागलं तर टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायला जा. हळद लावून घरी बसू नका.

मुंबईत आज हा प्रश्न ऐरणीवर आहे. बाग किंवा मैदानासाठी राखीव असलेल्या 500 चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर झोपडपट्टी असेल, तर तिथे पुनर्वसन करता येतं, पण किमान 35 टक्के जमीन मोकळी ठेवावी लागते, असा विकास नियमावलीत नियम आहे. मोकळ्या जागांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं त्याला आव्हान दिलं होतं. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम कायम ठेवला. वस्त्यांमध्ये आनंद झाला आणि मलाही झाला, कारण तो निकाल उलटा गेला असता तर हजारो घरांचं काय झालं असतं? पण त्या 35 टक्क्यांचं पुढे काय, हे आपल्यापैकी कोणी विचारलं? तिथे पाटी लावून 'गवतावर चालू नये' असं लॉन येणार, की विकायच्या इमारतीतल्या लोकांना फिरायला ट्रॅक, की आमच्यासारखं पार्किंग? नकाशा मंजूर होताना जो बोलला त्याचं तिथे येतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की योजनेला संमतीची सही देण्याआधी नकाशा मागा आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारा की ही कोणासाठी आणि कशासाठी. त्यातला ठरावीक भाग रहिवाशांच्या भाजीच्या वाफ्यांसाठी, असं नकाशावर आणि करारात दोन्हीकडे लिहून घ्या. तोंडी आश्वासन घेऊ नका. मी स्टेजवरून दिलेलं आश्वासनसुद्धा नको. आणि आरक्षणात बदल होत असेल तर लक्ष ठेवा. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदलाची नोटीस निघते आणि हरकतींसाठी महिनाभराची मुदत असते. ती नोटीस आपल्या दारावर कोणी चिकटवत नाही. महिना गेला की मग मोर्चा काढून उपयोग नसतो.

शेजारच्या वस्तीत सध्या योजना कागदावर आहे. भाचीच्या फोननंतर दोन आठवड्यांनी मी तिथल्या बायकांची बैठक घेतली आणि आधी आमच्या वाफ्यांबद्दल मी काय बोलले होते ते सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. सातव्या मजल्यावरच्या ताईही आल्या होत्या, लिफ्ट चालू होती. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तेव्हा तुम्ही बोललात म्हणून मी खाली बसले." यावर मला काही बोलता आलं नाही.

इंग्लंडच्या त्या कायद्याला धरून आम्ही सहा सह्या घ्यायचं ठरवलं होतं, चोवीस झाल्या. अर्ज घेऊन आम्ही पाच जणी कार्यालयात गेलो. क्लार्कनं वाचून वर पाहिलं, "भाजीच्या वाफ्यांसाठी अर्ज?" आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "हो साहेब. नकाशात कुठे दाखवताय ते सांगा." त्यानं एकदा अर्जाकडे आणि एकदा आजींकडे बघून शिक्का मारला. आवक क्रमांक घेतला. उत्तर अजून आलेलं नाही, पुढच्या महिन्यात आम्ही परत जाणार आहोत. अर्जाची झेरॉक्स विहाराच्या फळ्यावर लावली आहे. ज्यांच्या वस्तीचा नकाशा अजून मंजूर व्हायचाय, त्यांनी ती उतरवून घ्यावी.